नाउन क्लॉज आणि रिपोर्टेड स्पीच: पेपरला जाण्याआधीची तयारी

बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड', म्हणजे सूचनेप्रमाणे वाक्य बदलण्याचा प्रश्न, आला की बरीच मुलं दोन गोष्टींपाशी अडतात: नाउन क्लॉज ओळखणं आणि वाक्य इनडायरेक्ट किंवा रिपोर्टेड स्पीचमध्ये लिहिणं, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगणं. मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. उत्तरपत्रिकेत ही जागा कोरी दिसली की मला खरंच वाईट वाटतं, कारण मराठी घरातल्या मुलाला यातलं बरंचसं आधीच येत असतं. फक्त ते मराठीत येत असतं. म्हणून तयारीची पहिली वस्तू म्हणजे एक साधी वही, पानाच्या मधोमध उभी रेघ मारलेली. डावीकडे मराठी वाक्य लिहायचं, उजवीकडे इंग्रजी. मराठी तुम्हाला बऱ्याच ठिकाणी बरोबर वाटेला लावते आणि तीन ठिकाणी हमखास चकवते. ती तीन ठिकाणं प्रश्नाची, काळाची आणि क्रियापदाची. वहीच्या पहिल्या पानावर हे तीन शब्द लिहून ठेवा.

आता 'हे', 'ते', 'ही', 'असं' या शब्दांवर बोट ठेवायला शिका. 'तो कुठे राहतो हे मला माहीत नाही.' 'तू आलास ते बरं झालं.' 'ती पास झाली ही बातमी गावभर पसरली.' 'उद्या पाऊस पडेल असं वाटतं.' चारही वाक्यांत एक छोटं वाक्य आहे आणि त्याला पाठीमागून धरणारा एक शब्द आहे. त्या शब्दाने अख्ख्या वाक्याचं नाम करून टाकलंय. शाळेत मिश्रवाक्य शिकताना नामवाक्य म्हणून जे पाहिलं होतं, तेच हे. 'काय माहीत नाही?' 'काय बरं झालं?' असं विचारा. उत्तरात जे येईल तो नाउन क्लॉज. इंग्रजीत ही वाक्यं अशी होतील: 'आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज', 'इट इज गुड दॅट यू केम', 'द न्यूज दॅट शी हॅड पास्ड स्प्रेड थ्रू द व्हिलेज', 'आय थिंक दॅट इट विल रेन टुमारो'. क्लॉज कर्त्याच्या जागी आहे, कर्माच्या जागी आहे की पूरक आहे, हे पेपरात विचारलं तरी आधी क्लॉज सापडायला हवा. तो सापडला की जागा दिसतेच. कर्त्याच्या जागी असलेला एकच क्लॉज एकवचनी धरायचा, एवढं लक्षात ठेवून पुढे चला.

इथे थोडं थांबा, कारण मराठीची सगळ्यात मोठी मदत इथे आहे. इंग्रजीत 'व्हेन' एकच, 'व्हेअर' एकच, 'इफ' एकच. तो नाउन क्लॉजमध्येही येतो आणि ॲडव्हर्ब क्लॉजमध्येही, म्हणजे क्रियेची वेळ, जागा किंवा अट सांगणाऱ्या क्लॉजमध्येही. मुलं गोंधळतात ती याच ठिकाणी. मराठीत मात्र दोन वेगळे शब्द आहेत. प्रश्नाचा शब्द 'क'ने सुरू होतो: कधी, कुठे, कोण, कसा. संबंध जोडणारा शब्द 'ज'ने: जेव्हा, जिथे, जो, जसा. 'तो कधी येईल हे मला ठाऊक नाही' यात 'कधी' आहे, म्हणून नाउन क्लॉज: 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम.' 'जेव्हा तो येईल तेव्हा मी फोन करीन' यात 'जेव्हा' आहे, म्हणून ॲडव्हर्ब क्लॉज: 'आय विल कॉल यू व्हेन ही कम्स.' बघा, पहिल्यात 'विल' राहिलं आणि दुसऱ्यात गेलं. 'इफ'चंही तसंच. मराठीत 'का' किंवा 'की नाही' येत असेल तर तो नाउन क्लॉज आणि तिथे 'व्हेदर'ही चालतं: 'तो येतोय का, विचार' म्हणजे 'आस्क हिम इफ ही इज कमिंग'. मराठीत 'तर' येत असेल तर ती अट झाली आणि तिथे 'व्हेदर' अजिबात बसत नाही. क्लॉज वाक्याच्या सुरुवातीला असेल किंवा 'ऑन', 'अबाउट' अशा शब्दामागून येत असेल, तर 'इफ' सोडून 'व्हेदर'च घ्या: 'इट डिपेंड्स ऑन व्हेदर ही ॲग्रीज.'

'व्हॉट' तेवढा निराळा. 'तो काय म्हणाला हे मी ऐकलं नाही' आणि 'तो जे म्हणाला ते खरं होतं', दोन्हींना इंग्रजीत 'व्हॉट ही सेड'च येतं आणि दोन्हीकडे तो नाउन क्लॉजच असतो.

'दॅट'साठी बातमीचंच उदाहरण वहीत घ्या. 'ती पास झाली ही बातमी' म्हणजे 'द न्यूज दॅट शी हॅड पास्ड', आणि 'तिने आणलेली बातमी' म्हणजे 'द न्यूज दॅट शी ब्रॉट'. दिसायला सारखी आहेत. पहिल्यात बातमी काय आहे ते सांगितलंय, तो नाउन क्लॉज. दुसऱ्यात कोणती बातमी ते सांगितलंय, म्हणून तो ॲडजेक्टिव्ह क्लॉज. खात्री हवी असेल तर 'दॅट'च्या जागी 'व्हिच' ठेवून बघा. दुसऱ्यात बसतं, पहिल्यात बसत नाही.

आता पहिला चकवा, प्रश्नाचा. मराठीत 'तू कुठे राहतोस?' हा प्रश्न जसाच्या तसा उचलून 'तू कुठे राहतोस हे मला सांग' असं म्हणता येतं. शब्दांचा क्रम हलत नाही. इंग्रजीत प्रश्नाचा क्रम वेगळा आणि साध्या वाक्याचा वेगळा, आणि नाउन क्लॉजला साध्या वाक्याचा क्रम लागतो. शिवाय आपला 'की' मध्ये येतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने फळ्यावर लिहिलं होतं: 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह.' तिला मराठीत सांगायला लावलं. ती म्हणाली, 'त्याने मला विचारलं की तू कुठे राहतेस.' मराठी अगदी बरोबर होतं, आणि तिचं इंग्रजी त्याच मराठीवर एकेक शब्द ठेवून बनलं होतं. मी 'की' खोडला, तिने 'दॅट' खोडला. मग मी तिला विचारलं, प्रश्न आता कोण विचारतंय? कोणीच नाही, आपण फक्त सांगतोय. मग 'डू' कशाला? तिने 'डू'ही खोडला. फळ्यावर उरलं 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड', आणि 'यू'चा 'आय' व 'लिव्ह'चा 'लिव्ह्ड' तिने न सांगता केला होता.

हे पक्कं करायला एसटीतला प्रसंग घ्या. कंडक्टर म्हातारीला विचारतो, 'आजी, कुठं उतरायचंय?' इंग्रजीत: 'व्हेअर डू यू वॉन्ट टू गेट डाउन?' सांगताना: 'द कंडक्टर आस्क्ड द ओल्ड वुमन व्हेअर शी वॉन्टेड टू गेट डाउन.' पेन्सिलने चार खुणा करा: 'डू' गेलं, 'यू'ची 'शी' झाली, 'वॉन्ट'चं 'वॉन्टेड' झालं, प्रश्नचिन्हाच्या जागी पूर्णविराम आला. दुसरा प्रश्न: 'सुट्टे आहेत का?' म्हणजे 'डू यू हॅव चेंज?' उत्तर हो किंवा नाही असं येण्यासारखं आहे, म्हणून 'इफ': 'ही आस्क्ड हर इफ शी हॅड चेंज.' प्रश्नशब्द असेल तर तोच जोडणारा शब्द, नसेल तर 'इफ' किंवा 'व्हेदर'. 'आस्क्ड' नंतर 'दॅट' नाहीच. असे वीस प्रश्न स्वतः जमवा, बाजारातले, दवाखान्यातले, घरातले. माझ्या मते या एका सरावाने जेवढा फरक पडतो तेवढा बाकी कशाने पडत नाही.

दुसरा चकवा काळाचा. 'आई म्हणाली की मला बरं वाटत नाही.' बरं कोणाला वाटत नाही, आईला की मला? प्रसंग माहीत असेल तरच कळतं, कारण मराठीत बोलणाऱ्याचे शब्द बहुतेक वेळा तसेच राहतात, सर्वनामही आणि काळही. इंग्रजीत दोन्ही सांगणाऱ्याच्या बाजूने बदलतात: 'मदर सेड दॅट शी वॉज नॉट फीलिंग वेल.' मराठीत 'वाटत नव्हतं' म्हटलं तर तो आदल्या वेळचा भूतकाळ वाटेल, म्हणून आपला हात 'वॉज' लिहायला धजत नाही. त्या हाताला सवय लावायची आहे. लोकमान्य टिळकांचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे, तेच वापरा: 'स्वराज इज माय बर्थराइट अँड आय शॅल हॅव इट.' इनडायरेक्टमध्ये: 'टिळक डिक्लेअर्ड दॅट स्वराज वॉज हिज बर्थराइट अँड दॅट ही वुड हॅव इट.' 'इज'चं 'वॉज', 'माय'चं 'हिज', 'आय शॅल'चं 'ही वुड'. 'अँड'नंतर 'दॅट' पुन्हा आला आहे, तो विसरू नका. दोन विधानं आहेत म्हणून तो दोनदा. आणि 'सेड'पेक्षा 'डिक्लेअर्ड' इथे का शोभतं, याचाही विचार करा. वाक्याचा आवाज रिपोर्टिंग व्हर्बमध्ये, म्हणजे 'सेड', 'आस्क्ड' अशा सांगणाऱ्या क्रियापदात, ठेवता येतो.

बाकीचे बदल भराभर बघून घ्या. साधा भूतकाळ पास्ट परफेक्ट होतो, प्रेझेंट परफेक्टही पास्ट परफेक्ट होतो, आणि पास्ट परफेक्ट मुळात असेल तर तो हलत नाही. 'विल'चं 'वुड', 'कॅन'चं 'कुड', 'मे'चं 'माइट', सक्तीच्या 'मस्ट'चं बहुधा 'हॅड टू'. 'वुड', 'कुड', 'माइट', 'शुड' आहेत तसे राहतात. 'सेज' असा वर्तमानकाळी रिपोर्टिंग व्हर्ब असेल तर काळ अजिबात हलवू नका. अजूनही खरी असलेली गोष्ट वर्तमानात ठेवता येते: 'द गाइड टोल्ड अस दॅट कळसूबाई इज 1646 मीटर्स हाय.' शिखर आजही तेवढंच उंच आहे. सूर्य पूर्वेला उगवतो, यासारख्या वाक्यांनाही हेच लागू.

'टुमारो'चं 'द नेक्स्ट डे', 'यस्टर्डे'चं 'द प्रीव्हियस डे', 'टुडे'चं 'दॅट डे', 'अगो'चं 'बिफोर', 'हिअर'चं 'देअर', 'धिस'चं 'दॅट' हे एका पानावर लिहा. रोजच्या बोलण्यात, निरोप त्याच दिवशी सांगत असाल, तर 'टुमारो' तसंच राहू शकतं. पेपरात प्रसंग दिलेला नसतो, तिथे बदलाच.

तिसरा चकवा क्रियापदाचा. 'तो मला म्हणाला' वरून 'ही सेड मी' तयार होतं, ते चुकीचं. 'सेड'ला माणूस जोडायचा तर 'टू' हवं, 'टोल्ड'ला माणूस थेट हवा: 'ही सेड टू मी', 'ही टोल्ड मी'. अवतरणचिन्हातलं बोलणं सांगताना 'टोल्ड मी दॅट' किंवा नुसतं 'सेड दॅट' घ्या. आज्ञेला 'दॅट' लागत नाही, 'टू' लागतं: 'ही टोल्ड मी टू वेट.' नकार असेल तर 'नॉट' 'टू'च्या आधी: 'ही टोल्ड मी नॉट टू वेट.' 'प्लीज' असेल तर ते काढून 'रिक्वेस्टेड'. 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे' यात 'अशी' आहे म्हणून 'आय वॉन्ट दॅट यू शुड कम' लिहावंसं वाटतं. इंग्रजी मात्र म्हणतं, 'आय वॉन्ट यू टू कम.' 'सजेस्ट'चं नेमकं उलटं. 'ही सजेस्टेड मी टू गो' चालत नाही. 'ही सजेस्टेड दॅट आय शुड गो' लिहा. 'लेट अस गो'सुद्धा याच वाटेने: 'ही सजेस्टेड दॅट दे शुड गो.' उद्गारवाचक वाक्यात 'व्हॉट अ' जाऊन 'व्हेरी' येतं, 'एक्स्क्लेम्ड दॅट' लावलं की झालं.

शेवटच्या दहा दिवसांत रोज मराठी वर्तमानपत्र घ्या. बातम्यांची मराठी या विषयाची खाणच आहे: 'रस्त्याचं काम महिनाभरात पूर्ण होईल, असं ते म्हणाले', 'पाणीपुरवठा सुरळीत असल्याचं अधिकाऱ्यांनी सांगितलं', 'निधी कधी मिळणार, असा सवाल ग्रामस्थांनी केला'. तीनही इनडायरेक्ट स्पीच आहेत आणि तीनही नाउन क्लॉजने बनतात. रोज दोन वाक्यं कापून वहीत चिकटवा आणि समोर इंग्रजी लिहा. 'असल्याचं' दिसलं की 'दॅट ... वॉज', 'असा सवाल' दिसला की 'आस्क्ड' आणि पुढे प्रश्नशब्द. लिहून झालं की मोठ्याने वाचा. क्रम चुकला असेल तर जीभ अडखळते.

परीक्षेत वाक्य समोर आलं की आधी पेन्सिलने रिपोर्टिंग व्हर्बचा काळ बघा, मग विधान आहे, प्रश्न आहे की आज्ञा ते ठरवा, मग सर्वनामं, काळ आणि वेळेचे शब्द याच क्रमाने बदला. अवतरणचिन्हं आणि प्रश्नचिन्ह राहिलंय का ते शेवटी तपासा. आदल्या संध्याकाळी नवं काही उघडू नका. त्या दिवशी घरात कोण काय बोललं त्यातली पाच वाक्यं लिहून काढा. 'सकाळी लवकर ऊठ', बाबा म्हणाले. 'हॉल तिकीट घेतलंस का?' आजीने विचारलं. 'फादर टोल्ड मी टू गेट अप अर्ली.' 'ग्रँडमदर आस्क्ड मी इफ आय हॅड टेकन माय हॉल तिकीट.'