घरात रेंज नसेल तर आधी फोन कुठल्या बँडवर आहे ते बघा

गावाला आमचं घर चिऱ्याचं, भिंती जाडजूड, ओटीवर मस्त रेंज आणि माजघरात पाऊल टाकलं की फोन मुका. बरीच वर्षं वाटायचं टॉवरच लांब आहे, पण खरी गोष्ट बँडची आहे, म्हणजे फोन कुठल्या लहरींच्या पट्ट्यावर चालतोय त्याची. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात, २३०० वाल्या स्पीड चांगला देतात पण भिंत लागली की दमतात, आणि ३५०० च्या आसपासचं फाइव्ह जी तर अजूनच लवकर.

अँड्रॉइडवर नेटमॉन्स्टर ॲप टाका (फुकट आहे), त्यात बँड नंबर दिसतो. बँड ५ म्हणजे ८५०, ८ म्हणजे ९००, ३ म्हणजे १८००, ४० म्हणजे २३००. बाजूला आरएसआरपीचा (म्हणजे सिग्नल किती जोरात येतोय त्याचा) आकडा असतो तो दांड्यांपेक्षा जास्त खरा, उणे ८५ असेल तर झकास, उणे ११५ च्या खाली गेला की कॉल तुटायला लागतो. हातात फोन धरून खोलीखोलीत फिरा, खिडकीपाशी आणि मधल्या खोलीत किती फरक पडतो ते लगेच कळतं.

आत फाइव्ह जी धड टिकत नसेल तर सेटिंगमध्ये फोर जी करून ठेवा, कॉलही सुधारतो आणि बॅटरीही वाचते. घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग (टॉवरऐवजी वायफायवरून कॉल) चालू कराच, आईवडील एकटे राहत असतील तर आजच करून द्या.

आणि हो, परदेशातून कुणी फोन आणणार असेल तर नेटवर मॉडेल नंबर टाकून बँड ५, ८ आणि ४० आहेत का ते घ्यायच्या आधी बघा.