यादीतला दुसरा पदार्थ नेमका कसा काढायचा?

परवा भाची पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला बसली. इंदूरची मुलगी, पहिली यादी खाण्याचीच केली:

पदार्थ = ["पोहे", "जिलेबी", "गराडू", "भुट्ट्याचा कीस"]

तिला दुसरा पदार्थ हवा होता. स्क्रीनवर बोट ठेवून "एक, दोन" मोजलं, प्रिंट(पदार्थ[२]) लिहिलं आणि गराडू आला. "मामा, मी जिलेबी मागितली होती ना?" एरर आली असती तर बरं होतं, निदान चूक लगेच कळली असती.

आधी एवढं पक्कं करा: चौकोनी कंसातला आकडा म्हणजे इंडेक्स, आणि पहिल्या घटकापासून किती घरं पुढे सरकायचं, ते तो सांगतो. छप्पन दुकानला, म्हणजे इंदूरच्या खाऊगल्लीत, पहिल्या दुकानासमोर उभे राहा. तेच दुकान हवं असेल तर सरकायचं ०. शेजारचं हवं तर १. छप्पनाव्यासाठी ५५.

हे कुणाच्या लहरीखातर ठरलेलं नाही. सी या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत अशा यादीला अ‍ॅरे म्हणतात; तिथे अ‍ॅरेचे घटक मेमरीत एकाला एक लागून बसतात. समजा पहिला आकडा १००० या पत्त्यावर आहे आणि प्रत्येक आकडा ४ बाइटचा (बाइट म्हणजे मेमरीतलं एक घर). मग इंडेक्स २ चा पत्ता १००० + २ × ४, म्हणजे १००८. पहिल्यासाठी काहीच मिळवायचं नाही, म्हणून ०.

आता स्वतः करून बघा. वरची यादी लिहा. यादीचं नाव पायथन ३ मध्ये देवनागरीत चालतं, पण प्रिंट, लेन (यादीत किती घटक आहेत ते सांगणारा शब्द) आणि कंसातले आकडे इंग्रजीतच टाइप करायचे. मग प्रिंट(पदार्थ[०]) चालवा, पोहे येतील. [१] ला जिलेबी. बदलायची असेल तर पदार्थ[१] = "मावाबाटी" लिहा आणि पुन्हा छापून बघा.

शेवटच्या घटकाशी बहुतेक जण अडतात. लेन(पदार्थ) ४ सांगतो, म्हणून लोक पदार्थ[४] लिहितात आणि प्रोग्रॅम इंडेक्सएरर देऊन थांबतो. शेवटचा घटक लेन(पदार्थ) - १ वर असतो. पायथनमध्ये नुसतं पदार्थ[-१] लिहिलं तरी मिळतो, जावास्क्रिप्टच्या अ‍ॅरेत मात्र असा उणे इंडेक्स चालत नाही.

पुढे सी शिकाल तेव्हा हा हिशेब तुम्हालाच सांभाळावा लागेल. तिथे यादीबाहेरचा इंडेक्स दिला तर भाषा स्वतःहून अडवत नाही. शेजारच्या मेमरीत जे पडलं असेल, तेही उत्तर म्हणून हातात येऊ शकतं.