ऑनलाईन ब्रिज आणि घड्याळाची धास्ती: नवशिक्यांनो, या चुका टाळा

ब्रिज हा पत्त्यांचा खेळ शिकून चार-सहा महिने झाले की मंडळी बीबीओवर (ब्रिज बेस ऑनलाईन या संकेतस्थळावर) जातात आणि थेट स्पीडबॉल या झटपट स्पर्धेत नाव घालतात. का, तर तासाभरात आटपतं. 12 डाव, डावाला 5 मिनिटं. क्लबात समोरासमोर बसून खेळताना डावाला साधारण 7 ते साडेसात मिनिटं मिळतात आणि नवशिक्यांना तीही पुरत नाहीत. मग मेसेज येतो, "सर, वेळेमुळे हरलो." वेळेमुळे नाही हो. जिथे थांबायचं तिथे पळालात आणि जिथे उरकायचं तिथे रेंगाळलात, म्हणून हरलात.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे डमी (भिडूची उघडी पानं) पसरल्या पसरल्या पान टाकणं. शिकवणीतल्या एका काकांचा डाव मी बघत बसलो होतो. काकांनी तीन नो ट्रम्प (हुकूम नसताना नऊ हात करायची बोली) घेतले होते. विरुद्ध जोडीतल्या पश्चिमेने इस्पिकच्या राजाची उतारी केली. डमीत इस्पिकची अठ्ठी-पंजी, काकांच्या हातात एक्का, छक्की, दुर्री. काकांनी क्षणात एक्का मारला. मग डमीतल्या एक्का-गुलामाच्या भरवशावर हातातून चौकटची राणी लावली. राजा नेमका पूर्वेकडे. पूर्वेने इस्पिक परत दिलं आणि पश्चिमेने तिथे सलग चार हात ओढले. चार ते आणि पाचवा चौकटच्या राजाचा. एकने डाऊन, म्हणजे एक हात कमी, आणि घड्याळात अजून तीन मिनिटं शिल्लक!

विरुद्ध बाजूकडे इस्पिकची आठ पानं होती, पश्चिमेकडे पाच आणि पूर्वेकडे तीन. एक्का दोनदा राखून ठेवून तिसऱ्यांदा मारला असता तर पूर्वेकडचं इस्पिक संपलं असतं. मग चौकटचा राजा घेऊनही तिला परत द्यायला इस्पिकच उरलं नसतं. इस्पिकचा एक, बदामचे दोन, किलवरचे दोन, चौकटचे चार: नऊ हात ताटात वाढलेले होते. काकांना हे येत नव्हतं असं अजिबात नाही. कागदावर हाच डाव दिला की बरोबर सोडवतात. "कोपऱ्यात ते आकडे पळताना दिसले की बोट थांबतच नाही," म्हणाले.

माझी सवय सांगतो. डमी पसरली की मी माउसवरून हात काढून मांडीवर ठेवतो. नो ट्रम्प असेल तर हक्काचे हात मोजतो, हुकूम असेल तर जाणारे हात मोजतो. उतारीच्या रंगाचं डमीत एकच पान असलं तरीसुद्धा. या मोजणीला मिनिट गेलं तर जाऊ द्या. पुढची बारा पानं आपोआप भरभर पडतात, कारण काय करायचं ते ठरलेलं असतं. "सर, काही शॉर्टकट सांगा ना," असं विचारणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांनी खुशाल रमी खेळावी.

दुसरी चूक याच्या बरोबर उलटी: क्लेम न करणं, म्हणजे उरलेले हात आपलेच आहेत असं सांगून डाव न आटपणं. शेवटचे पाच हात आपलेच आहेत, कुणाकडे हुकूम उरलेला नाही, तरी एकेक पान चवीचवीने टाकत बसायचं. क्लेमचं बटण दाबलं की समोरच्यांना आपली पानं दिसतात, याची म्हणे भीती वाटते. दिसू द्या की, सगळे हात तुमचेच असतील तर ती बघून ते काय करणार? फक्त बाहेर एखादा हुकूम शिल्लक असेल तर "आधी हुकूम काढतो" एवढं लिहायला विसरू नका. आणि समोरच्याने क्लेम केला तर उगाच संशयाने नाकारू नका. त्या नकारात दोघांचाही वेळ जातो आणि पुढचा डाव अर्धा राहतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. पास द्यायला मिनिटभर लावू नका. तुमच्याकडे काहीतरी आहे हे त्यातून भिडूला कळतं, आणि त्याने त्याचा फायदा घेऊन बोली देणं नियमात बसत नाही. ऑनलाईन खेळात स्वतःच्या बोलीचा खुलासा स्वतःच टाइप करावा लागतो, तेव्हा तो दोन-तीन शब्दांत तयार ठेवा. झालेल्या डावाचं पोस्टमॉर्टेम चॅटवर लगेच सुरू करू नका, फेरी संपू द्या.

सराव कुठे करायचा? बीबीओवरच 'डेलाँग' स्पर्धा असतात, तिथे दिवसभरात कधीही, आपल्या गतीने डाव खेळता येतात. उरलेल्या तिन्ही जागी रोबो असतात, ते कंटाळत नाहीत. पण त्यातल्या अनेक प्रकारांत टेबलावरचे सगळ्यात जास्त पॉइंट (मोठ्या पानांचे गुण) तुम्हालाच वाटलेले असतात. नुसतं तेच खेळाल तर बचाव कधी शिकणार? म्हणून आठवड्यातून एकदा तरी माणसांबरोबर, सावकाश घड्याळाच्या टेबलावर बसा. "आमचं वय झालं, वेग जमत नाही" ही सबब तर मी ऐकतच नाही. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पुरुष जोडीचं सुवर्णपदक आणणारे प्रणब बर्धन तेव्हा 60 वर्षांचे होते.

आणि फोनवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन बोली आणि पान पक्कं करण्याचा पर्याय चालू करा. घाईवाले तो मुद्दाम बंद ठेवतात, एक टिचकी वाचते म्हणून. मग तीन बदामच्या जागी तीन इस्पिक पडतं, 'अनडू' (चाल मागे घेऊ द्या) मागतात, समोरचा नाही म्हणतो आणि उरलेली दोन मिनिटं भांडणात जातात.