रिसेल फ्लॅट घेताय? टोकन द्यायच्या आधी बिल्डिंग बघा

मुंबई, ठाणे, डोंबिवलीकडे २५-३० वर्षं जुन्या सोसायटीत फ्लॅट बघणाऱ्यांसाठी लिहितोय. हॉल केवढा, स्टेशन किती मिनिटांवर एवढं बघून लोक टोकन देतात, एजंट पण घाई करतो की दुसरी पार्टी तयार आहे म्हणून. अहो टाइल्स, रंग, किचनचा ओटा सगळं नंतर बदलता येतं, पण कॉलम-बीम तुमच्या एकट्याच्या हातात नसतात.

सुरुवात पार्किंगमधून करा, कारण तिथे कोणी पीओपी करत नाही, सगळं उघडं दिसतं. कॉलमच्या कोपऱ्याने उभी चीर गेलीय का, स्लॅबखाली काँक्रीट सुटून सळई दिसतेय का ते बघा. सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून बाहेर काढते, म्हणून ती उभी चीर दिसली की आत गंज लागलाय असंच धरून चाला, वरून सिमेंट थापून रंग मारलेला असला तरी. भिंत आणि बीमच्या सांध्यावरची केसासारखी बारीक चीर मात्र बऱ्याच ठिकाणी असते, तिला घाबरू नका. तळमजल्यावर दुकान किंवा क्लिनिक असेल तर आत जाऊन या आणि तोडफोड झालीय का विचारा. २०१७ च्या जुलैत घाटकोपरला बिल्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तिथे तळमजल्यावर असंच काम चालू होतं.

मग गच्चीवर. पाणी कुठे साचतं, कोबा (गच्चीवरचा पाणी अडवणारा थर) फुटलाय का, टाकीच्या खालचा स्लॅब कसा आहे. डक्टमध्ये डोकावून पाइप बघा, पिंपळ उगवलाय का बघा, त्याची मुळं पार आत जातात.

फ्लॅटमध्ये टॉर्च आणि एक नाणं घेऊन जा, आणि जमलं तर जुलै-ऑगस्टमध्येच जा. नाण्याने स्लॅबवर, भिंतीवर ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलंय. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला खाली लोणा लागलाय का, रंग फुगलाय का बघा आणि तिथे कपाट असेल तर सरकवायला सांगा, लाजू नका. बाथरूमला फॉल्स सीलिंग असेल तर पॅनल उघडून वरच्या टॉयलेटचं लीकेज बघाच. मॉडेल बायलॉजप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) गच्चीतून पावसाचं पाणी गळलं तर खर्च सोसायटीचा, पण वरच्याच्या टॉयलेटमधून गळत असेल तर तो वरच्या मेंबरचा, आणि ती भांडणं वर्षानुवर्षं चालतात, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्यांशी आधीच बोलून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट, म्हणजे इंजिनियरने केलेली बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी. बायलॉजमध्ये १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी ऑडिट सांगितलंय. विकणाऱ्याला सांगा सोसायटीकडून कॉपी आणून दे, टाळाटाळ झाली तर मी तरी तिथे पुढे जाणार नाही. रिपोर्टमध्ये कॅटेगरी बघा: मुंबईत सी१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी२ए आणि सी२बी म्हणजे मोठी दुरुस्ती, सी३ म्हणजे किरकोळ. रिबाउंड हॅमर, यूपीव्ही (काँक्रीटचा दर्जा बघायला) आणि हाफ सेल (सळईचा गंज बघायला) या टेस्ट खरंच केल्यात की नुसते फोटो लावलेत तेही बघा. आणि बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणजे तपासणी झाली असं अजिबात नाही, तो कर्जासाठी किंमत ठरवायला येतो. स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनियर फी देऊन घेऊन जा, एवढ्या मोठ्या व्यवहारात ती फी काहीच नाही.

ओसी (पालिकेचा राहण्याचा परवाना) आहे का, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटीने साठवलेले पैसे) किती शिल्लक आहे हे विचारा. मागच्या दोन-तीन एजीएमचे (वार्षिक सभांचे) मिनिट्स मागून वाचा, दुरुस्तीसाठी प्रत्येक मेंबरकडून किती घ्यायचे ठरलंय ते तिथेच कळतं. असा ठराव आधीच झालेला असेल तर ते पैसे विकणारा भरेल असं अॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, तोंडी नको.