व्हिएन्नात ऐनवेळी कॉन्सर्टचं तिकीट काढताय? या चुका टाळा

मे महिन्याची सुट्टी, युरोप टूर, व्हिएन्नात जेमतेम दोन रात्री आणि बायको म्हणते इथवर आलोय तर एक तरी कॉन्सर्ट ऐकूया. स्टेफान्सडोम, म्हणजे ते मोठं चर्च, तिथून बाहेर पडतोय तोच लाल कोट, पांढरा विग, हातात फाइल असा एक जण समोर हजर, "नमस्ते इंडिया, शाहरुख खान!" फाइलमध्ये सोनेरी हॉलचा लॅमिनेट केलेला फोटो आणि "टुनाइट, लास्ट थ्री सीट्स". मी ५९ युरोप्रमाणे तीन तिकिटं घेऊन मोकळा. संध्याकाळी पोचलो तर कसला सोनेरी हॉल, एका जुन्या वाड्यातला दिवाणखाना, मंगल कार्यालयात मांडतात तशा खुर्च्या आणि आठ वादक. वाजवलं बरं त्यांनी, खोटं कशाला बोलू. तिकीटही खोटं नव्हतं, त्यावर हॉलचं नाव बारीक अक्षरात छापलेलंच होतं, मीच वाचलं नव्हतं.

तिथे बहुतेक जण असेच फसतात बघा. तिकीट खरं असतं, पण तुम्हाला वाटतंय त्या कार्यक्रमाचं नसतं. विगवाले टुरिस्टांसाठीच्या कॉन्सर्टची तिकिटं विकतात, व्हिएन्ना फिलहार्मोनिकची, म्हणजे तिथल्या जगप्रसिद्ध ऑर्केस्ट्राची नाही. त्यातले काही कार्यक्रम खरंच चांगल्या हॉलमध्ये होतात, मोझार्टचे सगळ्यांना माहीत असलेले तुकडे वाजवतात, मुलं बरोबर असतील तर वाईट नाही. फक्त पैसे काढायच्या आधी तीन गोष्टी लेखी बघा: वाजवणार कोण, हॉल कुठला, सीट कुठली. आणि हॉलचं नाव पूर्ण वाचा. फिलहार्मोनिकच्या १ जानेवारीच्या नववर्ष कॉन्सर्टमध्ये टीव्हीवर दिसतो तो सोनेरी हॉल म्युझिकफेराइनमध्ये आहे, इमारत १८७० ची, पण त्याच इमारतीत ब्राम्स-झाल नावाचा छोटा हॉलही आहे, त्यामुळे नुसतं 'म्युझिकफेराइन' लिहिलं म्हणजे सोनेरी हॉलच असं नाही. कोन्त्सेर्टहाउस ही कॉन्सर्टची दुसरी इमारत आणखी वेगळी, तिथून चालत काही मिनिटांवर.

आणि हो, त्या १ जानेवारीच्या कॉन्सर्टचं तिकीट डिसेंबरात शोधत बसू नका. त्याची म्हाडासारखी सोडत निघते, वर्षाच्या सुरुवातीला फिलहार्मोनिकच्या स्वतःच्या साइटवर नाव नोंदवावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी तर स्टेट ऑपेराचा, म्हणजे गाण्यातून नाटक होतं त्या तिथल्या मोठ्या थिएटरचा नाद सोडाच, तेव्हा सीझनच बंद असतो.

दुसरी चूक म्हणजे गूगलवर 'व्हिएन्ना ऑपेरा तिकिट्स' टाकून सगळ्यात वरच्या लिंकवर जाणं. वरच्या बऱ्याच लिंक जाहिराती असतात, साइट दिसायला अगदी अधिकृत, आणि तिकिटावर भरमसाठ चार्ज चढवलेला. साइटच्या पत्त्याच्या शेवटी ऑस्ट्रियाचं डॉट एटी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, ते कोणीही घेऊ शकतं. हॉलच्या स्वतःच्या साइटवर जा, तिथे ऐनवेळीसुद्धा परत आलेली तिकिटं दिसतात, अधूनमधून रिफ्रेश करत राहायचं. 'आउसफेरकाउफ्ट' म्हणजे हाउसफुल्ल, 'रेस्टकार्टेन' म्हणजे उरलेली तिकिटं, 'आबेंडकासे' म्हणजे शोच्या आधी उघडणारी खिडकी, एवढे तीन शब्द आले तरी काम होतं.

सीट स्वस्त दिसली की झडप घालू नका. ऑपेराच्या बॉक्समधल्या, म्हणजे बाजूच्या छोट्या कप्प्यांतल्या मागच्या रांगांत बसून स्टेज जवळपास दिसतच नाही, म्हणून ती स्वस्त. याउलट सोनेरी हॉलमध्ये ऑर्केस्ट्राच्या मागे, ऑर्गनजवळच्या बाल्कनीत सीट मिळाली तर मी डोळे झाकून घेईन, कंडक्टरचा, म्हणजे हातवारे करून ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्याचा चेहरा समोरून दिसतो.

पेमेंट अडकणं ही आपल्या लोकांची ठरलेली कटकट. आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार आपण चालू केल्याशिवाय बंदच असतात, ते बँकेच्या ॲपमध्ये आधीच चालू करून ठेवा. ओटीपी आपल्या भारतातल्या नंबरवर येणार, आणि तुम्ही सिम काढून तिथलं घातलंय, मग बसा बोंबलत, तोवर कार्टमधली सीट गेलेली असते. जुनं सिम रोमिंगवर चालू राहू द्या. खिडकीवर कार्ड मारताना मशीन रुपये की युरो विचारतं, तिथे युरोच दाबा, रुपये दाबले की मशीनवाल्याचा महागडा रेट लागतो.

दाराबाहेर 'झूखे कार्टे' असा कागद धरून लोक उभे असतात, त्यांना तिकीट हवं असतं, ते विकणारे नव्हेत. त्यांच्यासारखं तुम्हीही उभं राहू शकता, कोणाचा जोडीदार आला नाही तर छापील किमतीत मिळूनही जातं. पण कोणी मोबाइलवर पीडीएफ पाठवतो म्हणाला तर सोडून द्या, एकच पीडीएफ पाच जणांना विकता येते आणि बारकोड पहिल्यालाच आत सोडतो.

माझं ऐकाल तर ऑपेरा आहे त्या दिवशी सरळ श्टेप्लाट्झ काढा, म्हणजे उभं राहून बघायची जागा. ती त्याच दिवशी विकायला काढतात, साधारण वीसेक युरोच्या आत, आणि तळमजल्यावरची जागा मिळाली तर स्टेज नीट समोर. उशीर करू नका, पडदा वर गेल्यावर आत घेत नाहीत. आणि जागा धरायची तिथली जुनी रीत बघून मला हसूच फुटलं, समोरच्या दांडीला स्कार्फ बांधून ठेवायचा, अगदी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो तसं. कोट आणि सॅक खाली क्लोकरूमला द्याव्या लागतात, म्हणून बायकोची ओढणी तेवढी काढून हातात ठेवलेली, तीच बांधली.