गाणी लिहायचीत? मग गाणाऱ्याजवळ बसा

गीतलेखन शिकायचं म्हटलं की नवी मुलं आधी एखादा नावाजलेला कवी शोधतात. मला जे काही येतं ते मात्र पेटीवाल्यांकडून आणि गायिकांकडून आलं. कवीमित्र ओळ वाचून 'वा!' म्हणतात. गाणारी तीच ओळ गुणगुणून बघते आणि विचारते, "इथे श्वास कुठे घेऊ?"

'दारात उभा पाऊस' ही ओळ घ्या. कागदावर छानच आहे. पण चालीत शेवटचा सूर लांबवायचा असेल तर 'स'वर थांबता येत नाही. गाणारी 'ऊ' ताणत राहते आणि 'स' कसाबसा शेवटी चिकटवते. 'दारी पाऊस आला' केलं तर मात्रा तेवढ्याच, 13, आणि शेवटाला मोकळा 'आ' मिळतो. ('उभा' गेल्याची हळहळ वाटते, ती वाटू द्यावी.) 'आठवणी' हा तर भावगीतवाल्यांचा लाडका शब्द. पण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, 'व'वर पडली की ऐकणाऱ्याला 'आठ वणी' ऐकू येतं. घरात मनाशी वाचताना हे कधीच कळत नाही.

हल्ली बहुतेक वेळा चाल आधी येते. संगीतकार फोनवर 'ना ना ना' करून पाठवतो, नाहीतर काहीतरी डमी शब्द घालून. लगेच लिहायला बसू नका. मांडीवर ठेका धरून ऐका. ताल केरवा असेल तर 8 मात्रा, दादरा असेल तर 6. सम कुठे येते ते कळलं की ओळीतला वजनदार शब्द तिथे बसवता येतो. छंदाचा हात बसवायला मोठा अभंग उत्तम: 6-6-6-4 अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. विषय भक्तीचाच हवा असं नाही, एसटी स्टँडवरची गर्दीही चालते.

असा संगीतकार भेटणार कुठे? एकांकिकांच्या तालमींना जा. फिरोदिया करंडकासारख्या स्पर्धेत नाट्य, संगीत, नृत्य सगळं एकत्र लागतं आणि गाणी लिहिणारा नेहमीच कमी पडतो. पैसे मिळत नाहीत, चहा मिळतो, आणि गाणं कधी हवं याची तारीख मिळते. प्रेरणा म्हणाल तर मला तारखेइतकी दुसरी कुठली भेटली नाही. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण दर आठवड्याला एक गाणं अशा बोलीनं चाललं. वर्षाहून थोड्या अधिक काळात 56 गाणी झाली.

ऐकायचं तर जात्यावरच्या ओव्या ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांच्या प्रकल्पातून जमलेल्या लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह 'पारी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर आहे, अनेकींचं ध्वनिमुद्रण आहे. दोन ओळींत सासर, भाऊ, पाऊस सगळं मावतं, आणि ते जात्याच्या लयीत.

व्यवहाराचं एवढंच: 2012च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला हक्क कराराने काढून घेता येत नाही. 'सगळे हक्क आमचे' असा कागद पुढे आला तर सही करण्याआधी जाणकाराला दाखवा. गाणी प्रसिद्ध व्हायला लागली की आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या, आणि प्रत्येक गाण्याची नोंद स्वतः करा. संगीतकार करेल म्हणून बसू नका.