दूध आपल्याला सोसतं का, हे घरच्या घरी कसं बघायचं

दूध प्यायलं की पोट फुगतं, गुडगुडतं, तासा-दोन तासात बाथरूमला पळावं लागतं, तरी कॅल्शियम मिळायला हवं म्हणून नाक दाबून रोज ग्लासभर पिणारे खूप जण आहेत, आणि दुसरीकडे मस्त पचत असताना कुठलातरी व्हिडिओ बघून दूध-दही एका फटक्यात बंद करणारेही तितकेच. दोघांचंही विनाकारण नुकसान होतं. त्यापेक्षा स्वतःच्या पोटाला विचारा ना, फार अवघड नाहीये ते.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज हे एन्झाइम लागतं, आणि जगातल्या निम्म्याहून जास्त लोकांमध्ये मोठेपणी ते कमी होतं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले बॅक्टेरिया ती आंबवतात की झाला गॅस, वर ती साखर पाणी ओढून घेते म्हणून जुलाब. त्रास होतो, पण त्याने आतड्याला इजा होत नाही. ॲलर्जी हा मात्र पूर्ण वेगळा प्रकार, ती दुधातल्या प्रोटीनची असते. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, दम लागणं असं काही कधी झालं असेल तर खालचा प्रयोग अजिबात करू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

आता प्रयोग. 2 आठवडे दूध, दही, पनीर, आईस्क्रीम, दुधाचा चहा-कॉफी सगळं बंद. बिस्किटं आणि प्रोटीन पावडरच्या पाकिटावर मिल्क सॉलिड्स किंवा व्हे लिहिलंय का ते पण बघा, लोक नेमके इथेच फसतात. रोज रात्री दोन ओळी लिहून ठेवा, पोट कसं होतं, काय खाल्लं. फरकच पडला नाही तर दुधाला दोष देऊ नका, कारण दुसरं काहीतरी आहे. फरक पडला तर जेवणासोबत 100 मिली दूध घेऊन बघा, दोन-तीन दिवस ठीक गेले की हळूहळू 250 मिलीपर्यंत जा. एवढ्या दुधात साधारण 12 ग्रॅम लॅक्टोज असतं आणि लॅक्टेज कमी असलेल्या बऱ्याच जणांना तेवढं चालून जातं, रिकाम्या पोटी मात्र तेच बाधतं. जिथे त्रास सुरू होईल ती तुमची मर्यादा. पोट नुकतंच बिघडून गेलं असेल तर थोडे आठवडे थांबून मग करा, कारण जुलाबानंतर लॅक्टेज तात्पुरतं कमी होतं. आणि वजन घटतंय किंवा शौचातून रक्त जातंय तर आधी तपासणी, प्रयोग नंतर.

दूध नाही झेपलं तरी दही बऱ्याचदा झेपतं, कारण त्यातले बॅक्टेरिया लॅक्टोज पचवायला मदत करतात. मुरलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळपास नसतंच, पण मीठ भरपूर असतं, बीपीवाल्यांनी जपून. लॅक्टोज-फ्री दूध थोडं गोड लागतं, त्यात साखर घातलेली नसते, लॅक्टोज आधीच फोडलेलं असतं म्हणून.

आता घ्यायचं तरी कशाला? 250 मिली दुधात साधारण 300 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 8 ग्रॅम प्रोटीन मिळतं, शिवाय बी12, जे शाकाहारी माणसाला दुसरीकडून मिळवणं खरंच कठीण जातं. तोट्याची बाजू म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर साय काढलेलं दूध घ्या, आणि तूप-लोणी म्हणजे बहुतेक फॅटच, त्यातून कॅल्शियमची अपेक्षा नको. 1 वर्षाच्या आतल्या बाळाला गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून देऊ नका, आणि नंतरही नुसत्या दुधावर पोट भरणाऱ्या लहान मुलांना आयर्न कमी पडून ॲनिमिया होतो, हे कळकळीने सांगतेय. किडनीचा आजार असेल तर दुधाचं प्रमाण डॉक्टरलाच विचारा.

थायरॉइडची गोळी आणि दूध यात 4 तासांचं अंतर ठेवा, आयर्नची गोळी आणि काही अँटिबायोटिक्स पण दुधासोबत नीट शोषली जात नाहीत. कच्चं दूध कुणीही पिऊ नये, त्यातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात.

दूध पूर्णच सोडायचं ठरलं तर सोया दूध बघा, प्रोटीनमध्ये तेच त्यातल्या त्यात जवळ येतं, बदामाच्या दुधात प्रोटीन अगदीच नावाला. घेताना वरून कॅल्शियम आणि बी12 घातलेलं घ्या आणि ओतायच्या आधी पॅक जोरात हलवा, कॅल्शियम तळाशी बसलेलं असतं.